आवाजाच्या हुकमावर चालणारे अंतराळयान

संगणकावरील खेळ म्हटले की आपल्यापैकी अनेक शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडतात. पण काही खेळांमधून विज्ञानाचा चांगला धडा मिळू शकतो. डेव्हिड ब्रेबेन आणि इयन बेल यांनी १९८४ साली इंग्लंडमध्ये ‘एलिट’ हा अंतराळप्रवासाचा खेळ तयार केला. त्याचाच पुढचा अवतार, ‘एलिट डेंजरस’, डिसेंबर २०१४ मध्ये आला. यात खेळाडू हा यानाचा चालक असतो. त्याचे दोन्ही हात यान वळवण्याच्या व वेग बदलण्याच्या दांड्यांवर गुंतलेले असतात. शिवाय यानाचे पाय, दिवे, शस्त्रे, इंजिने यांसाठी कळफलकावरील कितीतरी कळा लक्षात ठेवाव्या लागतात. म्हणून काही खेळाडू ‘व्हॉइसअटॅक’सारख्या आज्ञावलीची मदत घेतात. ‘लँडिंग गिअर’ असे म्हटले की यानाचे पाय बाहेर येतात.

मग यानाला आपली भाषा कळली का? मुळीच नाही. ही आज्ञावली फक्त ठरवून दिलेली कळ दाबल्याचा संदेश देते. कळ बोटाने दाबली की आवाजाने, हे खेळाला समजतही नाही. खरे काम आहे ते आवाज ओळखण्याचे.

आपण बोलतो तेव्हा हवेत कंपने निर्माण होतात. ध्वनिग्राहक त्यांचे विद्युतसंकेतात रूपांतर करतो. संगणक या संकेताची उंची सेकंदाला हजारो वेळा मोजतो व आकड्यांची माळ तयार करतो. मग या माळेचे सेकंदाच्या शतांशाएवढे छोटे तुकडे पाडून प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंप्रतेची ऊर्जा किती, हे पाहिले जाते. ‘आ’ आणि ‘ई’ या स्वरांत ही वाटणी वेगळी असते. असा नमुना यादीतील शब्दांच्या नमुन्यांशी ताडून पाहायचा आणि ज्याच्याशी जास्तीत जास्त जुळेल तो शब्द निवडायचा, अशी ही रीत आहे.

‘यादीतील’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. भाषेतील लाखो शब्दांतून एक शोधणे अवघड. पन्नास शब्दांतून निवडणे सोपे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९५२ साली तयार झालेले ‘ऑड्री’ हे यंत्र शून्य ते नऊ हे अंक ओळखत असे. इतक्या जुन्या काळी हे जमले, कारण यादी दहाच शब्दांची होती.

पण यादीचा एक तोटाही आहे. खोकला, पंख्याचा आवाज किंवा शेजारच्या खोलीतील गप्पा, कशाशीही ‘जवळचा’ असा एखादा शब्द यादीत सापडतोच! यावर उपाय म्हणून खात्रीची किमान पातळी ठरवून देतात. जुळणी त्याहून कमी असेल, तर आज्ञा पाळायची नाही. पातळी फार उंच ठेवली तर खरी आज्ञाही नाकारली जाते. फार खाली ठेवली तर न दिलेली आज्ञा पाळली जाते. दोन्ही चुका एकाच वेळी शून्यावर आणता येत नाहीत. कोणती चूक परवडेल, हे माणसानेच ठरवायचे असते.

खेळात चूक झाली तर फार तर यान फुटते. पुन्हा खेळता येते. खऱ्या विमानात तसे नाही. युरोपातील ‘युरोफायटर टायफून’ या लढाऊ विमानात आवाजाने आज्ञा देण्याची सोय आहे. प्रत्येक वैमानिक आपल्या आवाजाचा नमुना आधी तयार करून ठेवतो. तरीही शस्त्र सोडणे आणि चाके खाली घेणे ही कामे मात्र आवाजावर सोपवलेली नाहीत. खेळातला चालक जे सहज बोलून करतो, ते खरा वैमानिक हातानेच करतो!

हा विचार वर्गात संगणकाशिवायही शिकवता येईल. फळ्यावर दहा आज्ञा लिहा: वर, भर, थांब, लांब, डावीकडे, उजवीकडे, इत्यादी. एका विद्यार्थ्याने वर्गाकडे पाठ करून त्या हलक्या आवाजात म्हणाव्यात. बाकीच्यांनी थोडी कुजबुज चालू ठेवावी. मागच्या बाकावरील ‘यंत्रा’ने काय ऐकले ते लिहावे. कोणता शब्द कोणता म्हणून ऐकला गेला, याचा तक्ता करा. ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ यांचा शेवट सारखाच आहे, हे मुलांच्या चटकन ध्यानात येईल. मध्येच यादीबाहेरचा एखादा शब्द म्हणायला सांगा आणि ‘यंत्र’ काय करते ते पाहा.

शेवटी मुलांनाच नवी यादी करू द्या. एकमेकांपासून स्पष्ट वेगळे ऐकू येतील असेच शब्द त्यांनी निवडावेत. त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारा: यांतील कोणती आज्ञा आवाजावर मुळीच सोपवू नये, आणि का?