प्लास्टर निघालं, पुढे काय?

पावसाळ्यात पेण-रोह्याकडची अंगणं शेवाळाने निसरडी होतात आणि पाय घसरलेल्या म्हातारीच्या मनगटाला प्लास्टर बसतं. सहा आठवड्यांनी ते काढलं की घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण उभ्याउभ्या पडून हाड मोडत असेल, तर दोष एकट्या शेवाळाचा नाही. हाड आतून ठिसूळ झालेलं असू शकतं आणि पुढची पाळी खुब्याची येते.

यावर कुणी म्हणेल, हाडांची घनता मोजणारं डेक्सा यंत्र तालुक्याला कुठून आणायचं? खुबा किंवा मणका असा सहज मोडला असेल तर त्या मोजणीवाचूनही निदान करता येतं. नाचणीची भाकरी आणि काट्यासकट खाल्लेली सुकट कॅल्शियम देतात, ते हवंच. पण एकदा ठिसूळ झालेल्या हाडाला तेवढं पुरत नाही. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर वर्षातून एकदा झोलेड्रॉनिक आम्लाचं इंजेक्शन दिलेल्या रुग्णांत नवे अस्थिभंग सुमारे 35 टक्क्यांनी कमी झाले, असं 2007 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत दिसलं. आधी मूत्रपिंड, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व तपासावं लागतं, एवढंच. ‘या वयात कशाला?’ हा प्रश्न मला तरी उलटा वाटतो, कारण धोका याच वयात सर्वाधिक. म्हणून प्लास्टर काढायच्या दिवशीच डॉक्टरांना हाडांच्या औषधाबद्दल विचारावं, आणि न्हाणीघरात धरायला दांडी त्याच आठवड्यात बसवावी.