थांबलेलं प्रोग्रामिंग पुन्हा सुरू करताना : आधी छोटी कामं



बांभोरी, धुळे, शिरपूर इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून शिकून पुण्याला नोकरीला लागलेल्या मुली आपण सगळ्यांनी पाहिल्या आहेत. मग लग्न, बाळंतपण, घरातलं आजारपण. पाच-सहा वर्षांनी जळगाव-धुळ्यात परत आलेली मुलगी विचारते, "सर, आता मला कोण घेणार?" माझ्या एका माजी विद्यार्थिनीने हेच विचारलं, म्हणून हा लेख.

प्रोग्रामिंगचा पाया विसरला जात नाही. लूप, फंक्शन, डेटाबेसची क्वेरी तीच आहे. बदलतात ती साधनं. पायथन २ चा अधिकृत आधार १ जानेवारी २०२० ला थांबला, त्यामुळे तेव्हाचा कोड आज तसाच चालेल असं नाही. रोज तासभर बसलं तर एवढं अंतर भरून निघतं. (प्रमाणपत्रांच्या मागे धावू नये, हे माझं मत.)

पहिलं काम आठवड्याला आठ-दहा तासांचंच घ्यावं. संपूर्ण नवीन सॉफ्टवेअर नको. चालू वेबसाइटमधली चूक काढणं, टेस्ट लिहिणं, डाळमिलचा एक्सेलमधला स्टॉक डेटाबेसमध्ये आणणं, असलं काहीतरी.

या मुलीने पहिलं काम नातेवाईकाचं घेतलं, तेही तोंडी. "ताई, एवढं पण टाकून दे ना" असं म्हणत म्हणत ते तीन महिने लांबलं, पैसे मात्र एकाच महिन्याचे मिळाले. म्हणून काय करणार, काय नाही, किती वेळा दुरुस्ती करून देणार, हे आधी लिहून घ्या. थोडी रक्कम आगाऊ मागा. मागताना लाज वाटते, तरी मागा. आणि लागलेले तास वहीत लिहा. सुरुवातीला दोन तासांच्या कामाला पाच लागतात. ती वही नसेल तर पुढच्या कामाचा दर कशावरून सांगणार?

परदेशातलं काम घेताना घड्याळ बघा. जर्मनीत सकाळचे ९ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात दुपारचे १२.३०, हिवाळ्यात १.३०. मुलं तेव्हा शाळेत असतात. न्यूयॉर्कचे ९ मात्र ऐन स्वयंपाकाच्या वेळी वाजतात.

सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा साधारणपणे वर्षाला २० लाखांची आहे, त्यामुळे एवढ्याशा कामासाठी लगेच घाबरू नका. बिलं जपा, आयकर विवरणपत्र भरा.

पालकांना एकच विनंती. मुलगी किंवा सून "घरीच तर आहे" असं समजून मध्येच दळणाला पाठवू नका. आमची विद्यार्थिनी आता साडेबारा ते तीन दार लावून बसते. तेवढा वेळ तिचा फोन सासूबाई घेतात.