नकळत दिलेली गोळी

‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ ही जाहिरात नागपूरकरांना अपरिचित नाही. सर्व उपाय करून थकलेल्या गृहिणीला या चार शब्दांचा आधार वाटावा, हे स्वाभाविकच होय. परंतु औषधाने व्यसन सुटते काय, याचे उत्तर नेमके त्या ‘नकळत’ या शब्दापाशी अडते.

अशा चोरट्या उपचारात डायसल्फिरमची गोळीही अनेकदा जेवणात मिसळली जाते. १९४८ साली डेन्मार्कमधील हाल्ड व याकोब्सेन यांनी हे औषध मद्यासक्तीवरील उपचार म्हणून पुढे आणले. मद्यापासून शरीरात अ‍ॅसिटाल्डिहाइड तयार होते. त्याचे पुढील विघटन ही गोळी रोखते. मग चेहरा लाल होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब उतरतो. क्वचित प्राणावरही बेतते. म्हणजे ही गोळी मद्याची ओढ कमी करीत नाही, केवळ धाक घालते. ज्याला गोळीची वार्ताच नाही, त्याला धाक कसला? त्याच्या वाट्याला उरतो तो निव्वळ धोका.

१९८६ साली अमेरिकेत ६०५ पुरुषांवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. पूर्ण मद्यत्यागाच्या बाबतीत गोळीचा ठळक लाभ त्यात दिसला नाही. मात्र नियमाने औषध घेणारे थोडेच होते. उलट मुंबईतील डॉक्टरांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, वर्षअखेर डायसल्फिरम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के मद्यापासून दूर होते. ओढ कमी करणाऱ्या नाल्ट्रेक्सोनच्या गटात हे प्रमाण ४४ टक्के होते. या रुग्णांच्या औषधावर घरच्या माणसाची उघड देखरेख होती. एका अभ्यासाने अंतिम निवाडा होत नाही. तथापि गोळीइतकेच ती देणाऱ्या हाताला महत्त्व आहे, हे त्यातून उमगते.

नागपूरला लागून असलेल्या वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून, तर गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. त्यामुळे बंदीची चर्चा विदर्भात सदैव रंगते. उपचारांची चर्चा मात्र क्वचितच होते. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार मद्याच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे केवळ एकाला काही उपचार मिळाला होता. उरलेल्या सदतीस घरांपर्यंत डॉक्टर पोहोचत नाही, तेथे भिंतीवरची जाहिरात पोहोचते. म्हणून रुग्णाची संमती, डॉक्टरांची तपासणी आणि घरच्यांची साथ या तिन्ही गोष्टी तालुक्याच्या रुग्णालयातच मिळाल्या पाहिजेत. व्यसनी माणसाला फसवून नव्हे, विश्वासात घेऊनच बरे करावे लागते.