आधी दगड, मग पाणी

सकाळी ६.३०
पहिलं काम आरओची मोटर. बीडमध्ये नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून दुकानामागच्या बोअरवर भिस्त. ते पाणी जड. टीडीएस मीटर लावला तर आकडा नऊशेच्या पुढे जातो. मेम्ब्रेन आणि त्यापुढची रेझिनची नळी पार करून बाहेर येतं तेव्हा मीटरवर शून्य. मी समुद्री माशांचे टँक बसवतो. खाऱ्या टँकला असंच पाणी लागतं, त्याखेरीज मीठ कालवण्यात अर्थ नाही. पण एक लिटर चांगल्या पाण्यामागे दोन-तीन लिटर टाकाऊ निघतं, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या जिल्ह्यात ते मोरीत सोडवत नाही. ते पिंपात जातं. पिंपात दगड भिजत असतात.

सकाळी ७.३०
हे दगड मीच ओतलेले. एक भाग सिमेंट, चार भाग शिंपल्यांचा भरडा आणि मूठमूठ खडेमीठ. भरडा पोल्ट्रीच्या खाद्यवाल्याकडे गोणीनं मिळतो, कोंबड्यांच्या अंड्यांना कवच यावं म्हणून तो विकतात. ओल्या वाळूत खड्डे करून त्यात मिश्रण ओतायचं. पाण्यात टाकलं की मीठ विरघळतं आणि त्याच्या जागी भोकं राहतात. ताजं सिमेंट पाण्याचा पीएच बारापर्यंत चढवतं, त्यात मासा तासभरही टिकायचा नाही. म्हणून महिन्याहून जास्त भिजवणं आणि पुन्हा पुन्हा पाणी बदलणं. सुरुवातीला आरओचं टाकाऊ पाणी चालतं, शेवटच्या काही पाण्यांना मात्र चांगलंच वापरतो. आज पट्टीचा रंग सव्वाआठच्या आसपास थांबला. दगड तयार.

हा खटाटोप कशाला, असं गिऱ्हाईक विचारतंच. समुद्रातून काढलेला ‘लाइव्ह रॉक’ म्हणजे बहुतेक वेळा मेलेल्या प्रवाळाचा सांगाडा. दगडी प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंगतीत. किनाऱ्यावरून उचललेला तुकडासुद्धा मी टँकमध्ये बसवत नाही, कुणी कितीही आग्रह करो.

सकाळी ९.३०
नगर रोडवरचं घर. काकांचं औषधांचं दुकान आहे, गोड्या पाण्याचे मासे बरीच वर्षं पाळलेत, खारा टँक पहिलाच. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरला तर एकशे नव्वद लिटर. पाणी, काच, दगड, वाळू मिळून अडीचशे किलोंच्या वर भार स्टँडवर येणार, म्हणून आधी लेव्हलची बाटली. एक कोपरा दोन मिलिमीटर खाली निघाला. दुरुस्त केला.

दाराशी काकांनी एक पोतं काढून ठेवलेलं. बिंदुसरेच्या पात्रातले काळे गोटे. “घरचाच दगड बसवा की भैया, फुकटात काम होतंय.” पोतं बघून मला आनंदच झाला, दगड देखणे होते. पण हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. घट्ट आणि जड. पाणी आतून फिरत नाही, त्यामुळे अमोनिया पचवणारे जिवाणू फक्त वरच्या कातडीवर बसतात. पोकळ, सच्छिद्र दगडाला आतल्या भोकांचीही जागा मिळते, आणि खाऱ्या टँकचा खरा फिल्टर तोच असतो. शिवाय काही गोट्यांच्या फटींत कुठले कुठले स्फटिक बसलेले, खाऱ्या पाण्यात त्यांतून काय सुटेल त्याची हमी कोण देणार? गोटे तुळशीभोवती लावा म्हटलं. काकूंना ते पटलं.

सकाळी १०
आता खरं काम. फरशीवर चिकटपट्टीनं टँकचा आराखडा आखला, तीन बाय दीड फूट. पुढच्या आणि मागच्या काचेपासून चार-चार इंच सोडून आत आणखी एक चौकट. शेवाळ पुसायच्या चुंबकाला आणि हाताला तेवढी वाट लागतेच. म्हणजे दगडाला खोली उरली दहा इंच. गिऱ्हाइकाचा चेहरा नेहमी इथंच पडतो.

सगळ्यांना भिंत हवी असते. मागच्या काचेला टेकवून कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रचलेला ढीग. जुन्या पद्धतीत तसंच करायचे, वजनावर दगड मोजून. त्या ढिगामागे पाणी मरतं, घाण साचते आणि सहा महिन्यांनी नायट्रेट का वाढला म्हणून फोन येतो. मी दोन बेटं करतो. एक मोठं, लांबीच्या तिसऱ्या हिश्श्यावर, एक लहान, मधे वाळूची गल्ली. बरोबर मधोमध शिखर ठेवलं की ते देवघरातल्या मखरासारखं दिसतं, आणि डोळा तिथून हलत नाही.

पायाचे दगड आधी. ते वाळूवर ठेवायचे नाहीत. तळाला प्लॅस्टिकची जाळी, तिच्यावर दगड, वाळू शेवटी. गोबी मासा आणि पिस्तूल कोळंबी वाळू उकरून बिळं करतात, वाळूवरचा डोलारा एके रात्री काचेवर कोसळतो. प्रत्येक दगड खालच्याला तीन ठिकाणी टेकला पाहिजे. गोंद न लावता रचायचं आणि चारी बाजूंनी हातानं ढकलून पाहायचं. डुगडुगला तर गोंद त्याला वाचवत नाही. बीडच्या कंकालेश्वराचं देऊळ कुंडाच्या मधोमध उभं आहे, त्याचे चिरे बघितलेल्या माणसाला दगडाची बैठक म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही.

दुपारी १२.३०
कमान तीनदा पाडली, चौथ्यांदा बसली. दगडांना मेसनरी बिटनं भोकं पाडली, आत फायबरची कांडी, वर सुपरग्लू, त्यावर शिंपल्याची बारीक पूड. पूड पडताच गोंद क्षणात दगड होतो, गरम होतो, डोळ्यांना झोंबणारा धूर सोडतो. खिडक्या उघड्या हव्यात. मग वीज गेली. पंखा बंद, बॅटरीवरचं ड्रिल चालू.

वरच्या बाजूला मुद्दाम सपाट फळ्या ठेवल्यात, वेगवेगळ्या उंचीवर. प्रकाश वर जास्त, खाली कमी, तशी प्रवाळांची जागा ठरते. आणि फळीच्या डोक्यावर मोकळी जागा. पैदास केलेल्या मऊ प्रवाळाचा आजचा दोन इंची तुकडा वर्ष-दोन वर्षांत पसरतो. म्हणून पहिल्या दिवशी टँक उघडाबोडका दिसला तर मला बरं वाटतं.

दुपारी १.३०
काकूंनी भाकरी आणि पिठलं वाढलं. ठेचा जहाल.

दुपारी ३
शाळेतून आलेल्या नातीला गुहा हवी होती. लहान बेटाला एक दिली, पण दोन तोंडांची. एकाच तोंडाच्या गुहेत पाणी कुजतं, आणि आत मेलेला मासा सापडत नाही. तिनं विचारलं, असले दगड आपल्या समुद्रात आहेत का? आहेत. विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर पश्चिमेला पाण्याखाली एक पठार आहे, त्यावर प्रवाळ आहेत. नाव आंग्रिया बँक, कान्होजी आंग्र्यांवरून. तिला कान्होजी माहीत होते, पठार नव्हतं.

“एवढेच दगड?” काका म्हणाले. पंधरा किलो. दुकानातल्या पिंपात आणखी तितकेच उरलेत हे त्यांनी पाहिलं होतं.

संध्याकाळी ५
वेव्हमेकर समोरासमोर लावले. तासाला टँकच्या वीस-तीस पट पाणी फिरलं पाहिजे, म्हणजे चार-पाच हजार लिटर. मीठ साडेसहा किलोंच्या आसपास लागलं, रिफ्रॅक्टोमीटरवर 1.025. पाणी सावकाश, ताटलीवर सोडत भरलं. गल्लीतली वाळूची धूळ सरळ वाहतेय, मोठ्या बेटामागे एका जागी थबकतेय. उजवा पंप दोन बोटं वर सरकवला, मग सुटली.

उन्हाळ्याचं बोलून ठेवलं. बीडचा पारा चाळिशीपार गेला तरी टँक सव्वीस अंशांवर राहायला हवा. चिलर महाग, म्हणून आधी पंखा. पंख्यानं पाणी उडतं पण मीठ मागे राहतं, तेव्हा वरून रोज भरायचं ते गोडं आरओचं, खारं नाही.

संध्याकाळी ७
निघताना नात दारात. “निमो कधी?” जिवाणू बसायला महिना-दीड महिना. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले की मग. तिला हे अजिबात आवडलं नाही.

रात्री ९.१५
काकांचा फोन. “भैया, पाणी दुधासारखं पांढरं झालंय, दगडच दिसंना!” वाळूची धूळ आहे, उद्या दुपारपर्यंत बसेल. वेव्हमेकर बंद करू नका. “बंद केलाय की मी.” चालू करा.