खानदेश : तापीचं खोरं आणि त्यातली शहरं

महाराष्ट्राच्या उत्तर टोकाला सातपुडा आणि दक्षिणेकडच्या अजिंठा-सातमाळा रांगा यांच्यामध्ये तापीचं काळ्या मातीचं खोरं पसरलं आहे. हाच खानदेश. मुंबईहून नागपूरकडे जाणारी रेल्वे आणि आग्र्याकडे जाणारा महामार्ग याच मुलखातून जातात. त्यामुळे पुष्कळांनी तो पाहिला आहे, पण गाडीच्या खिडकीतून! खरं तर इथं मुद्दाम उतरायला हवं.

या मुलखाला वाटांनीच घडवलं. उत्तर हिंदुस्थानातून दख्खनेत आणि सुरतेच्या बंदराकडे जाणाऱ्या वाटा इथं एकमेकींना मिळत. चौदाव्या शतकाच्या अखेरीस फारुकी घराण्यानं तापीकाठच्या थाळनेरातून कारभार सुरू केला. पुढं राजधानी बुऱ्हाणपूरला गेली. अकबरानं 1601 मध्ये अशीरगड घेतला आणि खानदेश मोगलांचा झाला. बुऱ्हाणपूर आणि अशीरगड आज मध्य प्रदेशात आहेत. इंग्रजी अमलात 1906 मध्ये पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन जिल्हे झाले, तेच आजचे जळगाव आणि धुळे. नंदुरबार 1998 मध्ये वेगळा झाला.

पांझरेकाठचं धुळे कॅप्टन ब्रिग्जनं 1818 नंतर जिल्ह्याचं ठाणं केलं आणि व्यापारी, कारागीर बोलावून वाढवलं. जुन्या धुळ्यात आजही पत्ता सांगतात तो गल्लीच्या नंबरानं. पण या शहराचं खरं धन कागदांत आहे. इतिहासाचार्य राजवाडे यांचं 1926 मध्ये इथंच निधन झालं. त्यांनी गावोगाव हिंडून जमवलेली दप्तरं राजवाडे संशोधन मंडळानं जपली. समर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी परंपरेतली हस्तलिखितं आहेत. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते टिपून घेत. ‘गीता प्रवचने’ हा ग्रंथ त्यातून उभा राहिला.

तिथून पूर्वेला अमळनेर लागतं. साने गुरुजींची शिक्षकी इथल्या प्रताप हायस्कुलातली. तत्त्वज्ञान मंदिरही याच गावात आहे आणि आज जगभर पसरलेल्या विप्रोची सुरुवात 1945 मध्ये इथल्याच वनस्पती तुपाच्या कारखान्यातून झाली.

जळगाव म्हणजे सोनं, कापूस आणि केळी. दागिन्यांच्या खरेदीसाठी इथल्या सराफ बाजारात लांबलांबून लोक येतात. रावेर-यावलकडे गेलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागाच बागा दिसतात. जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकनही आहे. जवळच्या आसोद्याच्या लेकीचं, बहिणाबाई चौधरींचं नाव इथल्या विद्यापीठाला दिलं आहे. जैन हिल्सवरचं गांधीतीर्थ सवड काढून पाहावं. याच जिल्ह्यातल्या फैजपुरात 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं होतं. भुसावळ रेल्वेचं मोठं जंक्शन. अर्धं गाव रेल्वेच्या वेळापत्रकावर चालतं. तिथून चांगदेवला गेलं की तापी-पूर्णेचा संगम आणि काठावरचं जुनं देऊळ दिसतं.

खानदेशची चव घ्यायची तर थंडीत यावं. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. हिवाळ्यात मात्र शेतात भरिताच्या पार्ट्या रंगतात. मोठी हिरवी वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर साल काळी पडेपर्यंत भाजायची, सोलून लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या-लसणासह ठेचायची, वर शेंगदाणे आणि कांद्याची पात घालून फोडणी द्यायची. सोबत कळण्याची भाकरी. पंगतीत अहिराणी किंवा लेवा बोली कानावर पडते आणि पाहुण्याला आग्रह तर ठरलेलाच.

जिल्हे तीन झाले, तरी पाणी एका खोऱ्याचं आणि माणसांचे सोयरसंबंध एकमेकांत गुंतलेले. त्यामुळे एक शहर पाहून खानदेश कळत नाही. धुळ्याची दप्तरं, अमळनेरच्या शाळा-संस्था आणि जळगावची बाजारपेठ हे सगळं एका फेरीत पाहिलं, तर वाटांवरच्या या मुलखानं महाराष्ट्राला किती दिलं याचा हिशेब लागतो.