पिनकोडमधून ६१७४! इंदापूरला एक वजाबाकी, बारामतीला तीन. काय आहे कापरेकरांचं कोडं?

इंदापूरचा पिनकोड ४१३१०६. शेवटचे चार अंक घ्या, ३१०६. उतरत्या क्रमाने ६३१०, चढत्या क्रमाने ०१३६. वजाबाकी करा. उत्तर ६१७४.

आता बारामती, ४१३१०२. ३२१० वजा ०१२३ म्हणजे ३०८७. त्याच उत्तराचे अंक पुन्हा तसेच मांडा: ८७३० वजा ०३७८, उत्तर ८३५२. पुन्हा ८५३२ वजा २३५८, उत्तर ६१७४! वालचंदनगरच्या ३११४ ला पाच वजाबाक्या लागतात, पण मुक्काम तोच.

कोणाचा हा शोध?

दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा. जन्म १९०५, डहाणू. शिक्षण पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये आणि आयुष्यभराची नोकरी देवळालीत शाळामास्तराची. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ गणितज्ञांसमोर मांडला. चारही अंक सारखे नसतील तर कोणतीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत इथे पोचते. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये लिहिल्यावर जगाला कापरेकर कळले. आपल्याकडे त्यांना बराच काळ अंकांचा छंदिष्ट समजलं गेलं.

वर्गात उपयोग काय?

हातच्याच्या वजाबाकीची दहा गणितं फळ्यावर दिली की मुलं कंटाळतात. इथे ‘माझा नंबर किती पायऱ्यांत पोचतो’ हे बघायला तेवढीच वजाबाकी आपणहून होते. शिवाय आधीचा धडा झालेला असण्याची गरज नाही. गळीत हंगामात ऊसतोड मजुरांची कुटुंबं या दोन तालुक्यांत येतात, मुलांची शाळा वर्षाच्या मधेच बदलते. अशा मुलाला ‘मागचं राहिलंय’ म्हणून मागच्या बाकावर बसवावं लागत नाही. वजाबाकी येत असली की तो खेळात आला.

चूक कोण पकडणार?

मूल स्वतःच. दोन्ही संख्यांत अंक तेच असल्याने वजाबाकी नेहमी ९ च्या पाढ्यातली येते, म्हणजे उत्तरातल्या अंकांची बेरीजही. ८३५२ ची बेरीज १८. एक हातचा विसरून ८३६२ लिहिलं तर बेरीज १९. चूक तिथेच सापडते, लाल शाईची वाट बघावी लागत नाही.

एक अडचण मात्र येते. २१११ वजा १११२ म्हणजे ९९९. इथे पुढचं शून्य धरून ०९९९ लिहायचं, नाहीतर गाडी अडते. आणि ११११ का चालत नाही, हे आधी सांगून टाकू नये. मुलांनाच शून्यावर आपटू द्यावं.

तिसरी-चौथीला तीन अंक पुरेत. तिथला मुक्काम ४९५. बारामतीच्या १०२ ला पाच वजाबाक्या लागतात, इंदापूरच्या १०६ ला दोनच.