खर्जाचा खर्च

गेल्या वर्षी मार्च महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी जळगावच्या घरी आला. शाळेत असताना बाकावर ठेका धरल्याबद्दल मी त्याला अनेकदा रागावलो होतो. आता तो नोकरीला लागला आहे. म्हणाला, ‘‘सर, बेस गिटार घ्यायची आहे आणि घरीच रेकॉर्डिंग करायचं आहे. पंचवीस हजार साठवलेत. दुकानदार म्हणतो, बेस वाजवायची तर आधी मोठा स्पीकर घ्या. त्यातच निम्मे पैसे जातात.’’

‘‘पण रेकॉर्डिंग कशाचं?’’

‘‘आजीच्या गाण्यांचं. ती धुळ्याला काकांकडे असते. आखाजीला झोक्यावर म्हणायची ती गाणी तिला अजून पाठ आहेत. पण ब्याऐंशी वर्षांची झाली. यंदा करायचंच.’’

मला बेस गिटार वाजवता येत नाही. परंतु पैसे कशावर घालावेत आणि कशावर घालू नयेत, हे ठरवायला आपण नववीला शिकवतो ते ध्वनीचे नियम बरेचसे पुरतात. त्या दिवशी आम्ही वहीत जो हिशेब मांडला, तो वर्गातही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहे.

तार जाड का असते?

बेस गिटारला चार तारा असतात. मोकळ्या तारांची कंपने सेकंदाला अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ होतात. साध्या गिटारच्या सर्वांत जाड तारेची कंपने ८२.४ असतात. म्हणजे बेसची सर्वांत जाड तार तिच्या बरोबर एक सप्तक खाली बोलते. तंबोऱ्यात जे काम खर्जाच्या तारेचे, तेच वाद्यवृंदात बेसचे असते. बाकीचे स्वर तिच्यावर उभे राहतात.

तारेची वारंवारता तीन गोष्टींवर ठरते : लांबी, ताण आणि एक मीटर तारेचे वस्तुमान. साध्या गिटारची तार सुमारे ६५ सेंटिमीटर असते. केवळ लांबी वाढवून सप्तक खाली जायचे तर ती १३० सेंटिमीटर करावी लागेल, मग हात पुरणार नाही. केवळ ताण कमी करायचा तर तो एक चतुर्थांशावर आणावा लागेल, मग तार लटपटून खडखडू लागेल. म्हणून थोडी लांबी वाढवतात आणि बाकीचे काम वस्तुमानावर सोपवतात. पोलादी गाभ्याभोवती दुसरी तार गुंडाळली की तार जड होते, तरीही वाकण्याइतकी मऊ राहते. १९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांनी जी बेस गिटार बाजारात आणली तिची तार ३४ इंच, म्हणजे सुमारे ८६ सेंटिमीटर होती. आजही बहुतेक बेस गिटारी याच मापाच्या असतात. लहान हातांसाठी ३० इंचांच्याही मिळतात.

वाद्य निवडताना

चार तारांचा एकूण ताण साधारण ७० ते ८० किलो वजनाइतका असतो. एक मोठा माणूस दिवसरात्र त्या दांडीला लोंबकळतो आहे असे समजा. म्हणून जुने वाद्य घेताना रंग आणि चकाकी नंतर पाहावी, आधी दांडी पाहावी. वाद्य डोळ्यासमोर बंदुकीसारखे धरून दांडीवरून नजर टाकली की बाक किंवा पीळ दिसतो. किंचित बाक असावाच लागतो. दांडीच्या आत एक पोलादी सळई असते, तिच्या टोकाचा नट फिरवून तो कमीजास्त करता येतो. सळई फिरत नसेल किंवा दांडीला पीळ असेल, तर वाद्य स्वस्त मिळाले तरी महाग पडते. खानदेशात उन्हाळा कोरडा आणि पावसाळा दमट. लाकूड हवेतील बाष्पाप्रमाणे आकसते-फुगते, त्यामुळे ही तपासणी वर्षातून दोनदा करावी.

दुसरी कसोटी मुलांकडूनही करून घेता येते. बाराव्या पट्टीवर तारेची लांबी निम्मी होते. तेथे बोट नुसते टेकवून तार छेडा. मग तेथेच तार दाबून छेडा. दोन्ही वेळा स्वर एकच यायला हवा. मोबाइलवर मोफत मिळणाऱ्या ट्यूनरवर फरक लगेच दिसतो. दाबलेला स्वर चढा असेल तर घोडीवरचा तुकडा मागे सरकवून तारेची लांबी थोडी वाढवायची. हे काम पेचकसाने होते, त्यासाठी नवे वाद्य लागत नाही.

या गिटारला पोकळ ध्वनिपेटी नसते. तारांखाली चुंबक असतो आणि चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेढ्यांत विद्युतदाब निर्माण होतो. फॅरेडेने १८३१ साली दाखवले तेच हे. त्यामुळे महागड्या लाकडापेक्षा सरळ दांडी, नव्या तारा आणि चांगले वेटोळे यांचा आवाजावर जास्त परिणाम होतो. तारांवर घाम आणि मळ साचला की अधिस्वर मरतात आणि आवाज मंद होतो. म्हणून जुने वाद्य घेतले तर तारांचा नवा संच हिशेबात धरावाच.

पन्नास हर्ट्‌झचा पाहुणा

वेटोळे तारेची हालचाल टिपते, तसेच घरातल्या विजेचे क्षेत्रही टिपते. आपल्याकडे वीज सेकंदाला ५० वेळा आवर्तन पुरे करते. त्याची घूं घूं ५० हर्ट्‌झला आणि तिच्या पटींत ऐकू येते. साध्या गिटारची सर्वांत खालची पट्टीसुद्धा या गुणगुणीच्या वर असते. बेसचे मात्र तसे नाही. जाड तारेच्या तिसऱ्या पट्टीवर जो स्वर मिळतो तो ४९ हर्ट्‌झचा आहे! वाद्याचा ४९ आणि विजेचा ५० एकत्र आले की सेकंदाला एक याप्रमाणे ठोके पडतात आणि स्वर लाटेसारखा कमीजास्त होतो. नंतर गुणगुण गाळायला जावे तर स्वरही गळतो. तेव्हा ती मुळातच येऊ देऊ नये.

त्यासाठी दुकानात वाद्य जोडून, हात न लावता आवाज वाढवून ऐकावा. दोन वेटोळी उलटसुलट गुंडाळलेली असतील तर दोघांतली गुणगुण परस्परांना छेदते आणि तारेचा आवाज मात्र मिळतो. घरी लॅपटॉप चार्जरवरून काढून बॅटरीवर चालवावा. पुष्कळदा एवढ्यानेच आवाज स्वच्छ होतो. काहीजण गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. ते जिवावर बेतू शकते, कधीही करू नये.

मोठा स्पीकर का नको?

आता दुकानदाराच्या सल्ल्याकडे येऊ. त्याचे म्हणणे अगदी खोटे नव्हते. स्वर एक सप्तक खाली आला की तेवढाच आवाज काढायला स्पीकरच्या पडद्याला चौपट हालावे लागते. म्हणून बेसचा स्पीकर मोठा आणि महाग असतो. रंगमंचावर तो हवाच. परंतु घरी रेकॉर्डिंग करायचे तर स्पीकरपुढे मायक्रोफोन ठेवावा लागेल, आणि मध्ये येईल खोली.

त्या मुलाची खोली १० फूट बाय १२ फूट. ४१.२ हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास असते. खोलीत ती मावतच नाही. १२ फूट, म्हणजे ३.६६ मीटर अंतरावरच्या दोन समोरासमोरच्या भिंतींमध्ये अर्धी तरंगलांबी बसली की तो स्वर घुमतो. जानेवारीत खोलीत १५ अंश तापमान असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर. त्याला ७.३२ ने भागले की ४६.५ हर्ट्‌झ. हा बेसच्या दुसऱ्या पट्टीचा स्वर झाला. मेमध्ये खोली ४० अंशांवर गेली की वेग ३५५ होतो आणि घुमणारा स्वर ४८.५ हर्ट्‌झवर, म्हणजे जवळजवळ तिसऱ्या पट्टीवर सरकतो. जळगावच्या उन्हाळ्यात खोलीचाही सूर चढतो! शिवाय हा स्वर भिंतीपाशी दणदणतो आणि खोलीच्या मध्यावर नाहीसा होतो.

मग भिंतींना गाद्या-गोधड्या लावाव्यात का? आपल्या कापसाच्या मुलखात हा उपाय पटकन सुचतो. परंतु मऊ थर चांगला चालायचा तर त्याची जाडी तरंगलांबीच्या चौथ्या भागाच्या जवळपास हवी. पाच सेंटिमीटरची गादी हजार-दीड हजार हर्ट्‌झच्या वरचे स्वर चांगले शोषते. ४१ हर्ट्‌झसाठी दोन मीटर जाडीची गादी लागेल.

वाद्यातून मात्र विद्युतदाबच बाहेर येतो. तो हवेत सोडून पुन्हा मायक्रोफोनने गोळा कशाला करायचा? तो वायरने सरळ संगणकात न्यावा. खोली, भिंती, स्पीकर सारेच टळते. बेस हे घरी रेकॉर्ड करायला सर्वांत स्वस्त वाद्य आहे, ते यामुळे.

वायरचा रस्ता

यासाठी ऑडिओ इंटरफेस नावाची छोटी पेटी लागते. तिला गिटारसाठी वेगळे इनपुट किंवा बटण आहे ना, एवढे पाहून घ्यावे. वेटोळ्याला पुढे सुमारे दहा लाख ओहमचा अवरोध मिळावा लागतो. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात तो फारच कमी असतो आणि आवाज दबतो.

पेटी विद्युतदाबाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेते. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्‌झपर्यंत ऐकतो आणि त्याच्या दुपटीहून जास्त नमुने घेतले की तरंग पूर्ण पकडता येतो. एवढे सर्वच पेट्या करतात. त्याहून मोठ्या आकड्यांसाठी जास्त पैसे मोजण्याचे कारण नाही. ऑडॅसिटी हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. एका मिनिटाच्या २४ बिटच्या ध्वनीला सुमारे आठ मेगाबाइट जागा लागते. आवाजाची पट्टी टोकाला भिडू देऊ नये. कापला गेलेला तरंग पुढे दुरुस्त होत नाही.

ऐकण्यासाठी कान झाकणारा, वायरचा हेडफोन घ्यावा. वायरलेस हेडफोनमध्ये आवाज शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोहोचतो आणि ताल चुकतो. मोबाइलच्या स्पीकरवर तर बेस पारखूच नये. तो ४१ हर्ट्‌झ काढूच शकत नाही, तरी आपल्याला तो स्वर ऐकू आल्यासारखे वाटते. कारण ८२, १२४, १६५ हे अधिस्वर कानावर पडले की मेंदू त्यांच्यातले अंतर ओळखून मूळ स्वर स्वतःच भरून काढतो. वर्गात हे जरूर ऐकवा : एकच गाणे मोबाइलवर आणि मग हेडफोनवर.

आजीचा आवाज

येथे मला माझीच चूक सांगितली पाहिजे. पुष्कळ वर्षांपूर्वी मी आईची आखाजीची गाणी टेपरेकॉर्डरवर घेतली होती. वैशाखातली दुपार, पंखा सुरू, टेपरेकॉर्डर समोरच्या टेबलावर. आई आता नाही. कॅसेट आहे. तिच्यात पंखा आईपेक्षा मोठ्याने ऐकू येतो.

महाग मायक्रोफोनने ते टळले नसते, अंतराने टळले असते. तोंडापासूनचे अंतर दोन फुटांवरून अर्ध्या फुटावर आणले की आवाजाचा दाब चौपट होतो, पंख्याचा मात्र तेवढाच राहतो. म्हणून घरात साधा डायनॅमिक मायक्रोफोन जवळ धरून वापरावा. तो दूरचे आवाज कमी उचलतो. पंखा बंद करून, म्हणून सकाळी लवकर बसावे. गोधड्यांचा उपयोग येथे होतो. गाणाऱ्याच्या मागे आणि बाजूंना, भिंतीपासून वीतभर सोडून टांगल्या की शब्दांभोवतीचा प्रतिध्वनी जातो.

आणखी एक. आजीला हार्मोनियमच्या पट्टीत गायला सांगू नये. ती तिच्या सुरात गाईल. तिचा षड्ज ट्यूनरवर पाहून गिटार त्याला मिळवावी. अर्ध्या पट्टीच्या मध्यावर जायला वारंवारता तीन टक्के आणि ताण सहा टक्के वाढतो. तारांना ते सहज झेपते. आधी आजीचे गाणे धुळ्यात घ्यायचे, मग ते ऐकत जळगावला बेस भरायची.

हिशेब

आमची वाटणी अशी झाली. शंभरातले ४५ रुपये वाद्य आणि नव्या तारांवर, २५ इंटरफेसवर, १५ हेडफोनवर आणि १५ मायक्रोफोन, स्टँड व वायरींवर. स्पीकरवर शून्य. कार्यक्रम मिळू लागले की तो घ्यावा.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींची (१८८०–१९५१) गाणी सोपानदेवांनी आणि घरच्यांनी कागदावर उतरवली, म्हणून १९५२ साली ती पुस्तकरूपाने आपल्यापर्यंत आली. कागदावर शब्द येतात, आवाज येत नाही. धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जुने कागद जपलेले आहेत. कोणत्याही कागदावर तारीख आणि गाव असेल तर त्याचे मोल वाढते, तसेच ध्वनीच्या फाइलचे आहे. गाणाऱ्याचे नाव, गाव, तारीख आणि गाणे कधी म्हणतात, हे त्या फाइलच्या सुरुवातीलाच बोलून ठेवावे आणि फाइल दोन ठिकाणी ठेवावी.

आखाजीनंतर दहा दिवसांनी त्या मुलाने मला एक गाणे पाठवले. आजीचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. खाली बेस अगदी बेताची होती. मी दोनदा ऐकले. पंखा कुठेच नव्हता.

आपल्या वर्गातही एखाद्या मुलाच्या घरी अशी आजी असेल. ध्वनीचा पाठ शिकवाल तेव्हा विचारून पाहा.